ताईचा डावा डोळा

चष्मा घालवण्याच्या लेसर ऑपरेशनचं पत्रक आमच्या घरी वर्तमानपत्राच्या घडीतून आलं. ताईने ते आधी उजेडासमोर धरलं. मजकूर नंतर. आधी कागद, मग शाई, मग चारही रंग एकमेकांवर नीट बसलेत का ते.

"ऑफसेट आहे. छपाई चांगलीये," ती म्हणाली. मग चष्मा कपाळावर सरकवून तिने कागद नाकाला टेकेल इतका जवळ आणला आणि वाचायला सुरुवात केली.

आमच्या घरात सगळी पत्रकं अशीच वाचली जात. विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीत आम्हाला तळमजल्याच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो आणि पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना होता. एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, लाकडी कपाटं, भिंतीला दोरीवर वाळत घातलेले कागद. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, चर्चच्या सणाचे कार्यक्रम, आणि जवळजवळ रोज एखादं पत्रक. नळाला पाणी नाही म्हणून मोर्चा. रेशनवर रॉकेल नाही म्हणून धरणं. चाळ पाडायला निघालेल्या बिल्डरविरुद्ध भाडेकरूंची सभा. मी वाचायला शिकले ती शाळेच्या पुस्तकावर नाही. "बंधू आणि भगिनींनो" हे मी आयुष्यात स्वतःहून वाचलेले पहिले शब्द, असं आई अजून सांगते, आणि तेव्हापासून ही पोरगी कुणाशी साधं बोललीच नाही, हेही जोडते.

तर ते चष्म्याचं पत्रक. ताईने ते टेबलावर ठेवलं आणि मी उचललं. "चष्म्याला निरोप द्या, आत्मविश्वास मिळवा." एका गोऱ्यापान मुलीचा फोटो, वाऱ्यावर उडणारे केस. मी पेटले.

"म्हणजे चष्मा लावणाऱ्यांना आत्मविश्वास नसतो? कुणी ठरवलं हे? आधी बायकांना सांगायचं तुम्ही काळ्या आहात, क्रीम लावा. आता सांगायचं तुम्ही चष्मेवाल्या आहात, डोळे कापून घ्या!"

"पुढारीणबाई," ताई म्हणाली, "सभा आटोपली की सांगा. मला जायचंय तिथे."

मला वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

"तुझ्या डोक्यात कुणी घातलं हे?"

"डोक्यात कुणी घातलेलं नाही. नाकावर आहे." तिने चष्मा काढून नाकाच्या दोन्ही बाजूंचे खड्डे मला दाखवले. लालसर, खोल, कधीच न भरणारे. "सकाळी उठल्यावर उशीखाली हात घालून चाचपायचं नाही. पावसात काचा पुसत उभं राहायचं नाही. एवढंच. आत्मविश्वास नको मला, आहे भरपूर."

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तेव्हा पस्तिशीच्या उंबरठ्यावर होती. तिचा नंबर उणे अकरा. काचा इतक्या जाड की समोरून तिचे डोळे मण्यांएवढे दिसत. दहावीनंतर ती छापखान्यात उभी राहिली ती पंधरा-सोळा वर्षं हललीच नाही, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकले. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. मी मात्र ते कधी विसरले नाही, आणि त्यामुळे तिच्याशी वाद घालताना माझा आवाज नेहमी एका विशिष्ट ठिकाणी येऊन बसायचा. त्या दिवशीही बसला. खिळे मोडीत गेले तेव्हा बाबांनी आलेल्या पैशातला वाटा तिच्या हातात दिला होता. तो तिने खर्च केला नव्हता. तिच्या पैशाने ती तिच्या नाकावरचं ओझं उतरवणार होती. यात मी कसला मोर्चा काढणार?

पण खिळे मोडीत का गेले, हे आधी सांगायला हवं.

ताई जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारी, म्हणून फार चांगली होती. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, विरारपासून वसईपर्यंतचे छापखानेवाले सांगत. तिच्या कामाची एक पद्धत होती. चष्मा कपाळावर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीने लावायची ती लोखंडी पट्टी, आणि ती डाव्या डोळ्यापासून चार बोटांवर. इतक्या मोठ्या नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय लांबचं काही दिसत नाही, पण नाकासमोरचं असं दिसतं की चांगल्या डोळ्यांच्या माणसाने हेवा करावा. एवढ्या जवळ दोन्ही डोळे एकदम लावता येत नाहीत, म्हणून ती उजवा जरासा मिटायची. उलटी अक्षरं, बाजरीच्या दाण्याएवढी, ती अशी वाचायची जशी आपण दुकानाची पाटी वाचतो. लहानपणी मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून तिचा तो एक डोळा बघत राहायचे. पाखराच्या डोळ्यासारखा वाटायचा.

मग नव्वदीच्या मध्यावर कधीतरी तिची कुरकूर सुरू झाली. ओळ वाकडी लागतेय.

"बाबा, हे खिळे झिजलेत. मधेच खाली बसतात."

बाबांनी ओळ पट्टी लावून पाहिली. "सरळ आहे की."

"मला दिसतंय ना! इथे, मधोमध पोट आलंय ओळीला."

ती फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेल्या ओळी, सोडायची, पुन्हा आवळायची. पाचरी ठोकून ठोकून तिने एकदा चौकटीचा कोपरा फोडला. बाबा शांत माणूस, कोकणातून आलेला, कमी बोलणारा. ते एक दिवस गिरगावात गेले आणि रोज लागणाऱ्या मापाचे कोरे करकरीत खिळे घेऊन आले. शिशाचा तो नवा चकाकता ढीग मला आठवतो. ताईने दोन दिवस काम केलं आणि स्टिक टेबलावर आपटली.

"हेही वाकडेच. तुम्हाला फसवलंय कुणीतरी."

"आता मशीनचा पाटा वाकडा म्हणशील."

"असेलच!"

असं महिनोन्‌महिने चाललं. पुढे तिची तक्रार हळूहळू कमी झाली. ती स्टिक उजव्या बाजूला धरायला लागली होती. पण हे मला आता आठवतं, तेव्हा त्यात काही वेगळं दिसलं नाही. माणूस खांदा दुखला की ओझं बदलतो तसं वाटलं असेल. तिचा वेग मात्र गेला. चुका यायला लागल्या. तिच्या हातून आणि चुका! एका लग्नपत्रिकेत वराच्या वडिलांचं आडनाव चुकलं आणि सगळा गठ्ठा पुन्हा छापावा लागला. त्याच सुमाराला स्टेशनजवळ कॉम्प्युटरवर टाइप करून देणारी दुकानं उघडली. बाबांनी एका रविवारी भंगारवाल्याला बोलावलं. नवे खिळे, जुने खिळे, सगळे एकाच गोणीत, वजनावर. ताई त्या वेळी मागच्या खोलीत भाजी निवडत होती. बाहेर आली नाही.

"काळच बदलला," असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मी तर त्याच्यावर एक लेखसुद्धा लिहिला होता, यंत्र आणि कामगार वगैरे.

ताई त्याच कॉम्प्युटरच्या दुकानात प्रुफं तपासायला जाऊ लागली. आणि मग चार-पाच वर्षांनी ते पत्रक आलं.

तपासणी वसईला, अंबाडी रोडवरच्या एका नव्या इमारतीत होती. ऑपरेशन मुंबईत करायचं, पण डोळे त्यासाठी चालतील की नाही ते इथे बघणार. आई म्हणाली, तूही जा, डोळ्यात औषध घातल्यावर तिला धरून आणायला कुणीतरी हवं. मी गेले, पण तोंड वाकडं करून गेले. बसमध्ये ताईने कोपराने ढोसलं.

"तिथे भाषण करू नको हं. डॉक्टरच्या हातात माझे डोळे असतील."

आत गेल्यावर थंडगार हवा, काचेचे दरवाजे, आणि भिंतीवर त्याच पत्रकातली ती केस उडवणारी मुलगी, आता पुरुषभर उंच. मी तिच्याकडे पाठ करून बसले. आमच्या बाजूला एक कॉलेजची मुलगी आईसोबत आली होती. आई कुणाला तरी फोनवर सांगत होती, "बघायला यायच्या आधी झालं पाहिजे, नंतर काय उपयोग?" माझ्या तोंडापर्यंत आलं. ताईने माझ्या मांडीवर हात ठेवून नुसता दाबला.

पहिली तपासणी एका तरुण मुलीने केली. पांढरा कोट, हातावर ताजी मेंदी. हनुवटी ठेवा, कपाळ टेकवा, आत बघा. "काय दिसतंय?"

"रस्ता. शेवटी फुगा. मोठा, माणसं घेऊन उडतो ना, तसा."

"व्हेरी गुड."

"एवढ्यात गुड?" ताई हसली.

मग डोळ्याच्या पुढच्या पडद्याचा नकाशा काढला. कॉम्प्युटरवर दोन गोल उमटले, हिरवे, पिवळे, कडेला निळे. त्या मुलीने मान हलवली. जाडी पुरेशी आहे म्हणाली, एवढा नंबर असून पुरेशी आहे, नशीबवान आहात. ताईने मागे न बघता हात मागे केला आणि माझ्या दंडाला चिमटा काढला. कसा जोरात काढला! तेव्हा मला कळलं, तिला हे किती हवंय. माझा सगळा राग त्या चिमट्याने खाली बसला. मनात म्हटलं, होऊ दे बाई. माझं तत्त्व राहू दे बाजूला, हिला उद्या सकाळी उशी चाचपायला लागू नये.

मग तक्ता आला. भिंतीवर उजेडाची पेटी होती आणि तिच्यावर नुसते इंग्रजी ई. कुठे सरळ, कुठे उलटे, कुठे पाय वर.

"हे काय," ताई म्हणाली, "एकच खिळा आहे का यांच्याकडे? तोही आडवातिडवा पडलाय. जुळारी नवीन दिसतोय."

ती मुलगी हसली नाही, तिला कळलंच नाही. "पाय कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवा. उजव्या डोळ्याने आधी."

उजवा ठीक गेला. लोखंडी चौकटीत काचा बदलत बदलत ताई खालून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचली. मग उजव्यावर झाकण आलं.

"आता डाव्याने."

ताईचं बोट वर आलं आणि हवेतच राहिलं.

"वरचा सगळ्यात मोठा दिसतो ना?"

"दिसतो. म्हणजे, आहे तिथे काहीतरी. मधे..." तिने मान वाकडी केली, कोंबडी करते तशी. "कडेने दिसतो."

मुलीने काच बदलली. दुसरी. तिसरी. प्रत्येक काचेला "आता?" आणि ताईचं "तसंच". शेवटी तिने काचा काढल्या, काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "मॅडम बघतील." आवाज बदलला होता. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं आणि आम्हाला बाहेर बसवलं.

ताई डोळे मिटून बसली. गालावरून औषधाचा ओघळ. मी रुमालाने पुसला.

"पेटीचा उजेड फार होता," ती म्हणाली. "दिपलं मला."

"असेल."

"दुकानात कसं, आपला तक्ता नीट दिसतो. दोन्ही डोळ्यांनी."

"आपला तक्ता" म्हणजे विरार स्टेशनजवळच्या चष्मेवाल्या काकांचा. काकांकडे पूर्वी इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. आगाशी, अर्नाळ्याहून येणाऱ्या कितीतरी बायकांना तो वाचता यायचा नाही. म्हणून त्यांनी आमच्याकडून मराठी तक्ता छापून घेतला. तो ताईने जुळवला होता, एकोणीस-वीस वर्षांची असताना. वर पोस्टरचा लाकडी खिळा, मग खाली खाली लहान होत गेलेली अक्षरं. कुठल्याच ओळीत शब्द तयार होऊ द्यायचा नाही, नाहीतर लोक न दिसता अंदाजाने वाचतात, हे तिचंच डोकं. त्यासाठी ती आठवडाभर अक्षरं खालीवर करत बसली होती. त्याचं प्रूफ आमच्या भिंतीवर कित्येक दिवस टांगलेलं होतं. काका त्या उपकारापोटी दर वर्षी तिचे डोळे तपासून द्यायचे, आणि ताई दर वर्षी आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी तळाच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवायची.

आम्ही दोघी एकदमच थांबलो. मला वाटतं ते दोघींच्या एकाच वेळी लक्षात आलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "अगं... मी वाचते ना तो?"

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं तुटक. त्यांनी डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून ताईचा डावा डोळा खूप वेळ पाहिला. वर बघा, खाली, माझ्या कानाकडे. मग उजवा. मग पुन्हा डावा. खोलीत अंधार होता आणि ताईच्या डोळ्यावर तेवढा उजेडाचा ठिपका. ताईच्या पदराचं टोक माझ्या हातात होतं, ते मी कधी धरलं कळलं नाही.

दिवा लागला. डॉक्टर बाई स्टूल पुढे ओढून ताईच्या समोर बसल्या.

"काही वर्षांपूर्वी या डोळ्याने सरळ गोष्टी वाकड्या दिसायच्या का? दाराची चौकट, खांब, वहीच्या ओळी?"

मी ताईकडे पाहिलं. ताणलेल्या मोठ्या बाहुल्यांनी, चष्म्याशिवाय, ती कुठेच बघत नव्हती.

"ओळी," ती म्हणाली. "ओळीला मधोमध पोट यायचं."

"बरोबर." डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला, पण ताईला तो कागद दिसणार नव्हता, म्हणून मला दाखवला. एवढ्या मोठ्या नंबरचा डोळा मागे लांबट होतो. आतला पडदा ताणला जातो. कधीकधी अगदी मधोमध तडा जातो, थोडं रक्त झिरपतं, सरळ ओळी वाकड्या दिसतात. मग ते वाळतं, व्रण राहतो. व्रणाच्या जागी काही दिसत नाही. कडेचं दिसतं, मधलं जातं. "नजर ती मधलीच असते," त्या म्हणाल्या.

"तेव्हा कुणाला दाखवलं नाही?"

"दर वर्षी दाखवायची. चष्म्याच्या दुकानात. सगळा तक्ता वाचायची." ताई थांबली. "तक्ता मीच जुळवलाय."

डॉक्टरांना कळेना. तो तिला तोंडपाठ आहे, हे मी सांगितलं. ऐकताना त्यांना आधी हसू आलं, अगदी अभावितपणे, कुणालाही आलं असतं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हा आलो असतो तर डोळा बरा झाला असता का?" हे मी विचारलं. मला कुणीतरी दोषी हवं होतं, मग आम्हीच का असेना.

"खरं सांगू? त्या काळात फार काही करता आलं असतं असं नाही. थोडंफार वाचलं असतं कदाचित. पण कळलं तरी असतं. इतकी वर्षं दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवता आलं असतं."

"आणि चष्म्याचं?" ताईने विचारलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. सगळं कळूनही विचारलेला. "जाडी पुरेशी आहे म्हणाल्या त्या."

"जाडी आहे. पण तुम्हाला आता एकच चांगला डोळा आहे. त्याला नुसता चष्मा काढण्यासाठी मी हात लावणार नाही, आणि मुंबईत कुणी लावतो म्हणालं तर लावू देऊ नका. त्या डोळ्यालाही तोच धोका आहे. तो जपायचा."

त्या बाईंचं नाव मी लिहीत नाही, पण एवढं लिहायलाच हवं की ज्या दुकानाला मी मनातल्या मनात दिवसभर शिव्या घातल्या, त्याच दुकानात बसून त्यांनी स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवलं. माझं एक पत्रक तिथेच बाद झालं.

निघताना त्यांनी एक कागद दिला. पोस्टकार्डाएवढा, त्यावर नुसती चौकट, आत आडव्या-उभ्या बारीक रेघा, मधोमध एक ठिपका. रोज उजव्या डोळ्याने ठिपक्याकडे बघायचं. रेघ कुठेही जराशी वाकली तर त्याच दिवशी इथे यायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

बाहेर ऊन होतं. मोठ्या झालेल्या बाहुल्यांना ते सहन होईना, म्हणून ताईने पदर डोळ्यांवर ओढला आणि माझा दंड धरला. रस्ता ओलांडताना एक रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, लग्नाला निघालात का, तोंड झाकून?" एरवी ती त्याला सोडती ना. आता नुसती चालत राहिली. बसथांब्यावर सावलीत उभं राहिल्यावर तिने पदर बाजूला केला आणि उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. माझ्याकडे वळली.

"तुला कान आहेत," ती म्हणाली. "केस आहेत. तोंड नाहीये."

"बरंच झालं की तुला," मी म्हटलं. विनोद करायला गेले आणि मलाच रडू आलं. ती मला थोपटत राहिली, जणू डोळा माझा गेला होता.

घरी बाबा दारातच होते. आईने पाणी आणलं. ताईने सगळं स्वतः सांगितलं, प्रूफ वाचावं तशा आवाजात, एकही शब्द न गाळता. तडा, रक्त, व्रण, लेसर होणार नाही, चष्मा राहील. ओळीला पोट यायचं तेही सांगितलं. बाबा ऐकत होते.

"म्हणजे खिळे सरळ होते," बाबा म्हणाले.

तक्रार म्हणून नाही. आश्चर्य म्हणूनही नाही. मग ते पुढच्या खोलीत गेले. तिथे आता दोन खुर्च्या आणि आईचं शिवणयंत्र होतं. एका खुर्चीवर बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी मागून गेले तर म्हणाले, "नवे खिळे आणले तेव्हाच विचारायला हवं होतं. कोरे खिळे वाकडे कसे असतील? मला वाटलं, पोरीचं मन उडालं. वाटलं, आपल्या छापखान्याला बांधून घातलीये, आता तिला नकोसं झालंय, म्हणून खोड काढतेय. म्हणून विकले."

"छापखाना तसाही बंदच पडला असता, बाबा."

"पडला असता," ते म्हणाले. "तसाही."

तेव्हापासून आमच्या घरात हे "तसाही" पुष्कळदा म्हटलं जातं. डोळा तसाही गेला असता. छापखाना तसाही बुडाला असता. काकांनी दुसरा तक्ता वापरला असता तरी तसाही. प्रत्येक वाक्य खरं आहे, आणि एकाचाही कुणाला आधार वाटत नाही.

मला राग सोसत नाही, लिहावा लागतो. त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी लिहायला बसले. पत्रकच. छापखाने, शिवणकाम, भरतकाम, डोळ्यांवर चालणारे सगळे उद्योग. या कामगारांचे डोळे कुणी तपासायचे? मी "शोषण" लिहिलं, "बेपर्वाई" लिहिलं, "जबाबदार कोण" लिहून त्यापुढे तीन उद्गारचिन्हं दिली. आणि ताईकडे नेलं, कारण आमच्या घरातलं काहीही तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही.

तिने चष्मा कपाळावर सरकवला. कागद उजव्या बाजूला नेला.

"शोषण काढ," ती म्हणाली.

"का?"

"माझं कुणी केलेलं नाही. बाबांनी? काकांनी? मला ते काम आवडायचं. रोज सकाळी खिळ्यांची केस उघडायची वाट बघायचे मी." तिने कागदावर नखाने रेघ मारली. "खोटं छापू नये."

"मग काय लिहू?"

"लिही की, एक डोळा झाकून बघत जा. दारासमोर उभं राहून. आज हा, उद्या तो. एवढं पुरे."

"एवढ्याचं पत्रक होत नाही, ताई."

"मग नको छापूस."

नाही छापलं. पत्रकाला समोर कुणीतरी लागतं, ज्याच्याकडे बोट करायचं. मी कितीदा बोट फिरवलं. ते प्रत्येक वेळी आमच्याच पुढच्या खोलीत येऊन थांबलं, जिथे एक मुलगी खरं सांगत होती की ओळ वाकडी आहे, आणि एक बाप खरं सांगत होता की ओळ सरळ आहे.

रेघांचा तो कागद ताईने कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. सकाळी चूळ भरली की ती चष्मा लावते, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवते आणि ठिपक्याकडे बघते. तेवढा वेळ आई हातातलं भांडं खाली ठेवत नाही, आवाज होईल म्हणून. बाबा रेडिओ बारीक करतात. कधीकधी ताई मुद्दाम वेळ लावते, आम्हाला ते कळतं.

"सरळ," ती म्हणते.

"सगळ्या?" बाबा विचारतात.

"सगळ्या, बाबा."

"पुन्हा एकदा बघ," ते म्हणतात. आणि ताई, जिला एकच प्रूफ दोनदा वाचायला सांगितलेलं कधी खपलं नाही, तळवा पुन्हा डोळ्यावर ठेवते आणि पुन्हा बघते.